लांब ओढ्यातल्या लगोऱ्या

६ ऑक्टोबर, सोमवार

आले एकदाची या वाळवंटी उद्यानात! बावीस वर्षं शाळेची बस हाकल्यावर इतकी शांतता कानाला सोसेना, म्हणून सकाळी उगीचच मोठ्याने "खाली बसा रे!" असं ओरडून पाहिलं. अंगणातला ससा तेवढा बसला. दाराशी दोन मजली उंचीचा सग्वारो निवडुंग आहे, त्याच्या ढोलीत घुबडाची जोडी. पत्र्याचं घर लहान आहे, पण पंखा बरा आणि कॉफीचं भांडं उत्तम.

रखवालदाराचं काम सोपं आहे. तीन पायवाटा. सुरुवातीला खांबावरच्या पेटीत वही असते. येणाऱ्याने नाव, वेळ, वाट लिहायची आणि परतल्यावर सही करायची. संध्याकाळी मी सह्या तपासायच्या. वाटेच्या खुणा म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड. हौशे लोक गंमत म्हणून सुट्या दगडांच्या लगोऱ्या रचतात, त्या दिसल्या की पाडायच्या. आमचा व्यवस्थापक हार्लन प्रुइट म्हणाला की आठवड्याला दहा माणसं आली तरी डोक्यावरून पाणी.

दुपारी इग्नासिया बेल्ट्रान आली. सत्तरीची आहे, इथली सगळ्यात जुनी स्वयंसेविका. मक्याच्या सालीत गुंडाळलेले गरम तामाले घेऊन आली होती. मी चार खाल्ले. पाचवा पुढे करत म्हणाली, "घे गं, वाळवंटात बारीक माणसाला गिधाडंसुद्धा विचारत नाहीत." मला आवडली ही बाई.

९ ऑक्टोबर, गुरुवार

टाळकं सटकलंय माझं. लांब ओढ्याची वाट मोठ्या वळणाशी संपते. पुढे कोरड्या ओढ्याला इतके फाटे आहेत की सगळे एकसारखे दिसतात, म्हणूनच तिथे पाटी लावलीय. पण पाटी वाचतो कोण? वळणापलीकडे एकामागून एक लगोऱ्या. मोजल्या, एकतीस! मेल्यांना दुसरा उद्योग नाही. उद्या कोणीतरी त्यांच्या मागे जाईल आणि हरवेल, मग बोंबलत बसा.

सगळ्या लाथेने पाडल्या. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

परत उभ्या! एकतीसच्या एकतीस, त्याच जागी. वहीत कालपासून एकही नाव नाही. म्हणजे कोणीतरी चोरून येतंय. हार्लनची थट्टा असली तर त्याच्या टोपीत निवडुंग भरीन.

इग्नासियाला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, त्या पाडू नकोस, त्या एव्हरेटच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एव्हरेट लंडी नावाचा माणूस वळणापलीकडे गेला. परतीची वाट कळावी म्हणून जाताना लगोऱ्या रचत गेला. त्याच दुपारी तेव्हाचा रखवालदार मागून आला आणि नियमाप्रमाणे एकेक पाडत गेला. एव्हरेट अकरा दिवसांनी सापडला, वाटेपासून चारशे पावलांवर. बोटांना नखं उरली नव्हती. शेवटपर्यंत दगडच रचत होता.

तेव्हापासून त्या आपोआप उभ्या राहतात म्हणे. हरवलेली दोन माणसं त्यांच्या आधाराने बाहेर आली, त्यातली एक ती स्वतः. मला म्हणाली, "त्याचा राग तू ओढवून घेऊ नकोस, डार्ला."

त्याचा राग! आणि माझा? माणूस मेला आणि मला कामावर घेताना कोणी चकार शब्द काढला नाही, त्याचं काय?

१३ ऑक्टोबर, सोमवार

हार्लनला फैलावर घेतलं. कोडगा आहे. म्हणे, लंडीला ऊन लागलं, रखवालदाराने नियम पाळला, विषय संपला. शनिवारी देणगीदार येतायत, ओढा साफ दिसला पाहिजे. वर मलाच डोकं थंड ठेवायला सांगतो!

त्याच्यावरचा राग दगडांवर काढला. सगळ्या पाडल्या आणि दगड उचलून काट्यांत भिरकावले. शेवटच्या लगोरीतला एक दगड उलटला तेव्हा खालच्या बाजूला वाळलेलं रक्त दिसलं. बोटांचे ठसे, पाचही. हात झटकला आणि एव्हरेटला शिव्या घातल्या. मोठमोठ्याने घातल्या. सगळे पक्षी गप्प झाले.

१५ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळी सहा

सकाळी एक मुलगी आली होती. टॅबिथा वूलरी, बावीस-तेवीसची असेल. माझी टोपी बघून म्हणाली की मावशी, तुमच्या सावलीत अख्खी बस मावेल. मी हसले. वहीत तिने लिहिलंय: ७.१०, लांब ओढा.

परतीची सही नाही. गाडी उभी आहे.

दुपारी मी वळणावर गेले होते. लगोऱ्या पुन्हा उभ्या होत्या. मी पुन्हा पाडल्या. एकदाही हाक मारली नाही. एकदाही पलीकडे पाहिलं नाही. ती पुढेच असणार, त्यांच्याच मागे मागे गेलेली. त्या रखवालदाराने केलं तेच मी केलं. अगदी तेच.

हार्लन म्हणतो, सकाळपर्यंत थांब, शोधपथक बोलावलं की गावभर होतं. मोबाइलला इथे रेंज नाही, आणि हा फोनच्या खोलीला कुलूप लावून घरी गेला. माणूस आहे की कोण! इग्नासिया साठ मैलांवर गावात शेरीफकडे निघालीय. मी उजाडताच आत जाणार. सगळं पाणी भरून घेतलंय.

१६ ऑक्टोबर, सकाळी सहा

वळणावर आहे. शेरीफची माणसं अजून पोचली नाहीत. आज एकही उभी नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच असेल.

मीच रचत जाणार. दर पन्नास पावलांना एक.

साडेनऊ

अठ्ठावीस झाल्या. नखं तुटली. हाका मारून घसा बसला. मागे कोणीतरी चालतंय असं वाटतं, वळले की थांबतं. वळून ओरडले की माझ्यावर काय तो राग काढ, पोरीला सोड.

अकरा

सापडली! पालो व्हर्देच्या झुडपाखाली, ओठ फुटलेले, पण जिवंत. सगळं पाणी तिलाच दिलं. तिला उठवताना माझा घोटा मुरगळला, पाय टेकवत नाही. ती सोडून जाईना. रडायला लागली. बसमधल्या पोरांवर ओरडायचे तशी ओरडले तिच्यावर. सांगितलं, लगोऱ्या धरून जा, एकतीस आहेत, मोजत जा. एकीलाही हात लावू नकोस. बाहेर पोचलीस की गाडीचा भोंगा तीनदा वाजव आणि माणसांना त्याच खुणांनी आण.

गेली.

साडेबारा

भोंगा! तीनदा!! सुटली पोर. देवा. आता त्यांनी लगोऱ्या धरून यायचं, बस.

पाऊण

दगड पडल्याचा आवाज. लांबून, वळणाकडून. माणसं आली असतील—

परत एक. माणसांचा आवाज नाही. नुसते दगड.

लाथेने पाडल्यासारखा आवाज. मला ओळखीचा आहे तो.

एक

मोजतेय. एकोणीस पडल्या. वीस. माझ्याकडे येतंय. मी ओरडले की पोरगी बाहेर गेली, चूक झाली माझी, कबूल, आता बास कर ना मेल्या— घाई करत नाही. एकेक पाडतंय. मीही घाई केली नव्हती.

अठ्ठावीस.

माणसांच्या हाका ऐकू येतायत, पण चुकीच्या फाट्यातून. लांब चाललेत. मी ओ देतेय, आवाज फुटत नाही—

तीस

एकतिसावी, शेवटची, माझ्या पायाशी आहे. समोर कोणी नाही. वरचा दगड हलतोय. मी डाव्या हाताने दाबून धरलाय, सोडणार नाही, माझ्या बोटांवर आणखी कोणाचीतरी बोटं, नखं नस—