एक स्थानिक महिला

दि. ९ फेब्रुवारी, सकाळ

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक आहोत. तुमच्याकडे थंडी फार आहे असे शाळेतले मास्तर सांगत होते, तर छातीला जप. मुलांच्या परीक्षा आटोपल्या असतील. माझ्या दुकानात शाळेच्या गणवेशांचे काम आले आहे, त्यामुळे शिवणयंत्राला उसंत नाही. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण विचारले की 'काही नाही' म्हणते.

नळाला पाणी चांगले येते. उन्हाळ्यात लहान मुलांची पोटे बिघडायची, ते जवळजवळ थांबले. संडासांचीही सवय झाली आहे. म्हातारा कुंभार अजून कुरकुरतो, की आत बसलं की कुणी दार वाजवेल असं वाटत राहतं. पण जातो.

हे आधी लिहिले, कारण पुढचे वाचून तू म्हणशील, दादाला केलेल्याची जाणीव नाही. जाणीव आहे. तुझ्या त्या विद्यार्थ्यांच्या हातांना पाइपासाठी चर खणताना आलेले फोड मी पाहिले आहेत. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा त्या परक्या पोरांसाठीही दोन शब्द बोलतो. माझा राग त्यांच्यावर नाही.

तुझ्या कॉलेजची नवी तुकडी गेल्या आठवड्यात आली. टाकी तपासली, पाण्याचे नमुने घेतले. त्यांनी सोबत एक मोठा पत्र्याचा फलक आणला आहे. नळाशेजारी लावायचा. त्यावर डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. पुढच्या रविवारी कॉलेजची मोठी माणसे घेऊन तू येणार, तेव्हा तो लागलेला दिसला पाहिजे, असा तुझा निरोप मास्तरांकडे आला. पाणी समितीत मी असल्यामुळे काम माझ्याकडे आले.

मी तो लावलेला नाही. लावणारही नाही. आता का ते लिहितो. तुला सगळे माहीत आहे, पण तू ते तुझ्या बाजूने पाहिलेस.

काम ठरले तेव्हा तू फोनवर म्हणालास, "दादा, कॉलेजचा नियम आहे. शिकवणाऱ्याचं जिथे नातं असेल तिथे काम घेता येत नाही. मी आलो की तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच करायचं." मला ते रुचले नव्हते. पण पाणी येणार होते, म्हणून मी गप्प बसलो. सगळ्या गावाने ते पाळले. तुला कडेवर घेऊन फिरलेल्या बायका तुला 'साहेब' म्हणाल्या. न्हाव्याने तर भर रस्त्यात विचारले, "साहेब, आपलं गाव कोणतं?" आणि तोंड फिरवून हसू गिळले. तू शाळेच्या खोलीत विद्यार्थ्यांबरोबर राहिलास. तुझी वहिनी तुझ्या आवडीचे काहीतरी करून मास्तरांच्या डब्यात घालून पाठवत होती. डबा परत आला की उघडून बघायची, संपलाय का.

तेव्हा मला यात गंमतही वाटली, हे कबूल करतो. आपण सगळे मिळून एक नाटक करतो आहोत असे वाटले. नाटकात आपल्या घरचे माणूस कोणते सोंग घेणार आहे ते मला कळले नव्हते.

पहिल्या आठवड्यात तुझे विद्यार्थी आपलेच पाणी पिऊन पोट धरून आडवे झाले. त्या गडबडीत, आपण सगळे पाणी भरायचो त्या जुन्या खड्ड्याचे फोटो काढायचे राहिले. आणि नळाला पाणी आले त्या दिवशी गावाने तो खड्डा आनंदाने बुजवला. ज्याला त्याला स्वतःच्या हाताने एक तरी पाटी माती टाकायची होती. मग तुझ्या लक्षात आले, की 'नंतर'चे फोटो ढीगभर आहेत आणि 'आधी'चा एकही नाही.

तू दुकानात आलास. म्हणालास, "दादा, 'आधी'च्या फोटोसाठी वहिनीला सांगशील का? बाकीच्या बायका कॅमेऱ्यासमोर हसतात."

ती लगेच तयार झाली. आत गेली आणि मी मागच्या वर्षी शिवलेले, गळ्याला कशिदा केलेले कपडे घालून आली. केस नीट केलेले. तिचा एकटीचा फोटो आजवर कधी निघालेला नाही, हे तुझ्या ध्यानात आले असते तर बरे झाले असते. तू म्हणालास, "वहिनी, हे नको. काहीतरी जुनं घाल. फाटकं असलं तरी चालेल."

"शिंप्याच्या घरात फाटकं कुठून आणू रे?" ती म्हणाली.

तिने थट्टा केली होती. तू हसला नाहीस. तू इकडेतिकडे बघितलेस आणि यंत्राचे तेल पुसायला मी ठेवलेली तिची जुनी शाल उचलून तिच्या हातात दिलीस. तिने ती पांघरली. कशिदा झाकला गेला.

खड्ड्याजवळ मीही आलो होतो. तुझ्या पोरांनी वरची माती उकरली. नव्या नळाचे स्वच्छ पाणी बादल्यांनी आणून आत ओतले आणि तू बुटाने ढवळून ते गढूळ केलेस. घाण पाण्याचा फोटो काढायला चांगले पाणी घाण केले. मी शिकलेला नाही फार, गावच्या शाळेपुरता. पण एवढे मला त्या वेळीसुद्धा दिसत होते, आणि तुला दिसत नव्हते असे मी मानत नाही.

मग तू तिला वाकायला सांगितलेस. भांडे भर. तोंडाला लाव. "प्यायचं नाही वहिनी, नुसतं ओठाला." ती तिच्या त्या गुडघ्यावर बराच वेळ वाकलेली होती, कारण उजेड नीट पडत नव्हता.

धाकट्या, आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तू पोटाच्या आजाराने सुकून काडी झाला होतास तेव्हा ही नुकती या घरात आली होती, स्वतःच पोर होती. त्याच खड्ड्याचे पाणी ती आणायची, फडक्यातून गाळायची, उकळायची, निववायची आणि चमच्याने तुझ्या तोंडात घालायची. ते पाणी तिने तुला कधी न उकळता दिले नाही. तिला मात्र तू ते न उकळता ओठाला लावायला सांगितलेस.

तुम्ही गेल्यावर खड्डा उघडाच राहिला. आम्ही दोघांनी तो पुन्हा बुजवला.  मी ते विसरलोही असतो.

आता फलक आला आहे. 'आधी'च्या बाजूला तीच आहे, माझ्याहून उंच. ओठाला भांडे, अंगावर तेलाचे डाग पडलेली शाल. खाली त्यांच्या भाषेत आणि आपल्या भाषेत लिहिले आहे: 'दूषित पाणी पिताना एक स्थानिक महिला.'

हेच चित्र तुमच्या कॉलेजच्या दारातही लावले आहे, असे या तुकडीतली एक मुलगी म्हणाली. मुलगी चांगली आहे. उंच आहे म्हणून गावात तिला शिडी म्हणतात, आणि तिला ते कळले तेव्हा ती सर्वांत जास्त हसली. फलक आमच्या घरी ठेवायला तीच आली होती. दारात तुझी वहिनी दिसली आणि ती थबकली. चित्राकडे बघितले, हिच्याकडे बघितले आणि हिचे दोन्ही हात धरले. मास्तर मध्ये उभे राहून तिचे बोलणे आम्हाला सांगत होते. ती म्हणाली, "तुम्हीच ना या? सर म्हणतात, ही बाई कोण होती ते त्यांना कळलंच नाही, विचारायचं राहून गेलं. मी त्यांना कळवते, त्यांना फार आनंद होईल."

नातं सांगू नये हा तुमचा नियम असेल, आम्ही तो मान्य केला होता. पण तिला फाटकं घालायला सांग असे कुठल्या नियमात होते? आणि कोण होती ते कळलंच नाही, हे तुला कुणी म्हणायला लावले? 'माहीत आहे, पण सांगता येत नाही' एवढे म्हटले असतेस तरी मी हे पत्र लिहिले नसते.

पुढचे लिहू की नको, असे दोन दिवस चालले होते. लिहितोच.

त्या मुलीने मग तुझ्या वहिनीला विचारले, "तुम्ही आमच्या सरांना ओळखता का?"

मास्तरांनी ते आपल्या भाषेत सांगितले, खाली बघून. मला वाटले आता ही बोलणार. मनातून मला ते हवे होते. ती म्हणाली, "पाण्यासाठी आले होते ना, ते साहेब. नाही, माझी त्यांची काही ओळख नाही."

तुझ्यासाठी म्हणाली. वरच्या वस्तीचा नळ अजून व्हायचा आहे, तो आपल्यामुळे अडू नये म्हणून म्हणाली. मग आत गेली आणि ते कशिद्याचे कपडे घडी करून माझ्या कापडांच्या ढिगात ठेवले. म्हणाली, "उसवून टाक. कुणाच्या तरी लेकराला काही होईल." मी उसवलेले नाहीत.

मी समितीत सांगितले, की फलक लावत नाही. मास्तर घाबरले, काम थांबेल म्हणाले. न्हावी म्हणाला, "पाइप जमिनीत गाडलेत. साहेब काय, उपटून नेणार?" पण वरच्या वस्तीतल्या बायका अजून डोक्यावरून पाणी नेतात, ते मला दिसते. म्हणून तुझे नाते मी कुणाला सांगणार नाही. दिलेला शब्द मी मोडणार नाही. सांगायचे तर ते तू सांग. नसेल जमत तर तिच्या चित्राशिवाय दुसरा फलक करून आण, तो मी स्वतः खांब रोवून लावीन. हा फलक माझ्या यंत्रामागे आहे, भिंतीकडे तोंड करून. तिला रोज झाडताना तो दिसू नये म्हणून वर चादर टाकली आहे.

रविवारी तुमच्या मोठ्या माणसांना नळ दाखवून झाला, की तू एकटा घरी ये. पुढच्या दाराने ये. मास्तरांच्या डब्यातून आता काही येणार नाही.

पत्राखाली 'एक स्थानिक शिंपी' अशी सही केली होती. तुझ्या वहिनीने पत्र वाचून दाखवायला लावले. सगळे ऐकून घेतले, कुठेही अडवले नाही. सही ऐकली तेव्हा म्हणाली, "ते खोड. मी त्याच्यासाठी खोटं बोलले, तू त्याच्याशी खोटं बोलू नकोस."

खोडले आहे.

तुझा सख्खा भाऊ,
दादा