जावईबापूंचा पंचमीचा उपास

तीर्थरूप आबा,

डोक्यावर पदर घेऊनच लिहायला बसले आहे. तुम्ही समोर नाही हे कळतं, पण सवय जात नाही!

आज नागपंचमी. सकाळी बायकांबरोबर वारुळाला जाऊन आले, पुरणाची दिंडं उकडून झाली. तवा ठेवायचा नाही, विळी धरायची नाही, मातीला खुरपं लावायचं नाही. हात रिकामे आहेत. तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली पंचमी, आणि चार वर्षांपूर्वीच्या पंचमीचं एक खोटं माझ्या मनात अडकून बसलंय. ते आज सांगून टाकते. रागवू नका. आणि रागावलात तरी आता काय करणार आहात?

तुमचे जावईबापू! उसाच्या बांधावर सापडलेलं तितराचं पिल्लू ते, आणि तुम्ही त्याला पिंजरा विणलात, चुलीच्या उबेला ठेवलंत. आपल्या घरात लेक नाही, मग जावई कुठून येणार, म्हणून तुम्ही त्यालाच जावई केलंत. नखरेही जावयाचेच! बाजरी टाकली तर पायानं उडवायचा. मेलेला किडा तर त्याच्या लेखी किडाच नव्हे. त्याला पांढरी, वळवळणारी, जिवंत वाळवी हवी, आणि तीही तुमच्याच हातून. सासूपण विसरून आत्याबाई मला म्हणायच्या, "धाकट्या दिराच्या लग्नात बी कुणी एवढं रुसलं न्हवतं!"

त्याच्यासाठी तुम्ही रोज संध्याकाळी ओलं शेणकूट आणि गोणपाटाचा तुकडा मडक्यात भरून, ते मडकं बांधावर पालथं घालायचात. सकाळी उचललं की आत वाळवी गच्च. मी हे सगळं दाराआडून बघत होते. नवी सून मी, तुमच्यासमोर कशी येणार? लग्नाला सहा महिने झाले तरी आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. तुम्हाला पाणी हवं असलं तर तुम्ही भिंतीला सांगायचात, "पाणी मिळंल का?" आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून पळायची.

मग तुमचा मोतीबिंदू निघाला. हे तुम्हाला घेऊन ऑपरेशनला पुण्याला गेले. माझी लग्नानंतरची पहिली पंचमी, दादा बारामतीहून न्यायला येणार होता. पण जावईबापूंना कोण बघणार? आत्याबाईंना किड्यांची किळस. निघताना तुम्ही त्यांना म्हणालात, पण मला ऐकू येईल असं, "तिला म्हणावं, माझा जीव त्या पिंजऱ्यात हाय."

दादाला मी परत पाठवलं. रडले, पण पाठवलं.

आणि आबा, त्यानं खाल्लंच नाही! दोन दिवस मी मडकी भरभरून वाळवी आणली. तळहातावर धरली, पानावर ठेवली, त्याच्या चोचीपुढे नाचवली. तो मान फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी पिसं फुगवून डोळे मिटायला लागला. माझ्या हातून हा मेला तर सासऱ्याला तोंड कसं दाखवू, हे एकच माझ्या डोक्यात. खरं तर तोंड मी अजून दाखवलंच नव्हतं!

त्याच संध्याकाळी डेअरीत दूध घालायला गेले, तर तुमचा फोन. माझ्या हातात रिसीव्हर आला तसा मी आधी पदर सारखा केला. डेअरीतली माणसं हसली असतील, हसू देत.

"खाल्लं का त्यानं?"

"व्हय आबा, खाल्लं की."

सहा महिन्यांत तुमच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य, आणि तेच खोटं!

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं रुसंल. त्यो पटका बघून येतो, मानूस बघून न्हाय. माझा बी डोळा झाला बरं का. समदं दिसतंय."

पटका! तुमचा जुना पटका खुंटीवरच होता. मी धावत घरी आले. पण सकाळची वाळवी मरून गेली होती, आणि त्या धांदलीत नवं मडकं पालथं घालायचं राहिलं. सकाळी उठले तर पंचमी. माती उकरायची नाही, आणि घरात वाळवी नाही.

वारुळाची पूजा झाली, लाह्या वाहिल्या, दूध ठेवलं. बायका फेर धरून झोक्याकडे गेल्या. मी मागे राहिले. हात जोडले, म्हटलं, नागोबा, तुझ्या घरचा कोपरा घेते, पोरीला माफ कर. आणि काठी लावणार, तेवढ्यात मागून आवाज.

"अगं, आज चुलीवर तवा चढत न्हाय, आन् तू वारूळ फोडतीस?"

आत्याबाई! मी कसंबसं सांगितलं. त्या पदर खोचून वाटेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"फोड. पन मोठं ढेकूळ घे. पुन्यांदा यायला लागायला नको."

घरी येऊन तुमचा पटका बांधला, तुमच्या घोंगडीवर मांडी घातली आणि तुमच्यासारखं जिभेनं 'च् च्' केलं. जावईबापूंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. तुरुतुरु आले आणि असे तुटून पडले म्हणून सांगू! मी पटक्यातच रडत होते आणि आत्याबाई खांबाला धरून हसत होत्या.

तुम्ही आलात, डोळ्यावर हिरवी पट्टी. खुंटीवरचा पटका काढलात, तर घडीतून वारुळाची लाल माती पडली. तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, "तिला म्हणावं, पटका खुशाल बांधावा. फकस्त पुन्यांदा घडी नीट घालावी." मग दाराकडे वळून थेट मलाच, "काय गं पोरी?"

त्या दिवसापासून भिंतीला सुट्टी मिळाली. पण फोनवरच्या खोट्याचं तुम्ही शेवटपर्यंत कधी विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का हो? आणि तुम्हीही कुठे खरं बोललात? यांनी मला नंतर सांगितलं, ऑपरेशन फोनच्या दुसऱ्या दिवशी होतं, आणि घाबरून तुमच्या घशाखाली चहासुद्धा उतरत नव्हता!

तुम्ही गेल्यावर तेराव्याला तुमचे सगळे कपडे वाटले. पटका मी दिला नाही, डाळीच्या डब्यामागे लपवला. आत्याबाईंना ठाऊक आहे, त्या बोलत नाहीत. जावई आता म्हातारे झालेत, पण हट्ट तोच. इतके महिने मी पटका बांधूनच त्यांना भरवलं.

आज वारुळावरून आले ती तशीच पिंजऱ्यापाशी बसले. डब्यामागचा पटका काढून बांधायचं ध्यानातच राहिलं नाही, डोक्यावर नुसता पदर. हात पुढे केला तेव्हा लक्षात आलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले.

वचन देते आबा, दर पंचमीच्या आदल्या संध्याकाळी मडकं आठवणीनं पालथं घालीन. यंदाही घातलं होतं. नागोबाच्या घराला पुन्हा काठी लावणार नाही, आणि पटक्याची घडी नीट घालीन.

तुम्ही विचारायच्या आतच सांगते. व्हय आबा, खाल्लं त्यानं. ह्या वेळी खरंच खाल्लं.

तुमची पोर,
सुमन
वरकुटे