पाटलांच्या छत्रीची कळी

मुक्काम आंबवडे, भोर संस्थान
वैशाख वद्य तृतीया, सन १९३८

गुंजवण्याच्या बाळाबाई आक्कांना सोजराचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? इस्पितळातली आमटी अजून तितकीच पातळ आहे का? इकडं घरधनी, सासूबाई, पोरगी सगळी खुशाल आहेत. म्हैस तेवढी रुसली आहे, पण ती माझ्या माहेरची, तिला रुसायचा हक्क आहे. (नर्सबाई, आक्कांचा उजवा कान बंद आहे, तेव्हा डावीकडं बसून वाचा. आणि माझ्या अक्षराला हसू नका. माझा बाप शाळेत शिपाई होता, मास्तर नव्हे.)

आक्का, माझं तान्हं गेलं आणि माझी शुद्ध त्याच्यामागं गेली, ते तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांनी ती परत आली, तीही इस्पितळात, आपल्या शिवणखोलीत, पायजम्याला नेफा घालताना. मला वाटलं होतं, बरी होऊन घरी आले की कामाला लागेन. कसलं काम! मी उंबऱ्यात पाय ठेवला त्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे धोंडाबाईंनी, घरातली विळी, विळे, कोयता आणि स्वतःचा अडकित्ता एका फडक्यात बांधून शेजारच्या ठकुबाईकडं नेऊन ठेवला. का, तर वेड लागून गेलेल्या बाईच्या हाती धार नको. त्यानंतर चार महिने आमच्या घरी अख्खी वांगी, अख्खे कांदे आणि अख्खा दोडका शिजत होता. सासूबाई सुपारी दातानं फोडायला गेल्या आणि एक दाढ गमावून बसल्या. (तो दोषही माझ्याच नावावर आहे.) मला काम काय, तर ओट्यावर बसून कुरडयांवरचे कावळे हाकणं. पहिल्या महिन्यातच कावळे मला ओळखायला लागले. हात नुसते शिवशिवत होते आणि शिवायला काही नव्हतं. मी धन्यांना म्हटलं, "पाटलीणबाईंकडं हातमशीन पडून आहे. मला एकदा बसू द्या की." ते म्हणाले, "आगं, त्याला बी कातर लागतीच ना." आणि बैल सोडायला निघून गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, यापेक्षा इस्पितळ बरं होतं. तिथं वेडी म्हणत, पण कातर हातात देत.

ते मशीन रतनबाई पाटलीणबाईंना माहेरून मिळालेलं. गावात कुणालाच चालवता येत नाही, म्हणून दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतात आणि वर्षभर झाकून ठेवतात. त्यांच्या चिमाजीचं लग्न याच महिन्यात होतं. नवरदेवाचा काळा कोट भोरच्या शिंप्याकडून आला तो ऐन लग्नाच्या सकाळी. चिमाजीनं अंगात घातला आणि तसाच उभा राहिला. बगला इतक्या तंग की हात पोटाच्या वर जाईनात. काढावा म्हटलं तर निघेना. दोन मामांनी दोन बाह्या धरून ओढल्या, तेव्हा नवरदेवच इकडून तिकडं झाला, कोट जागच्या जागी. भटजी म्हणाले, मुहूर्त टळायच्या आत काय ते करा. पाटलीणबाई रडायला लागल्या, "आता नवरीच्या गळ्यात माळ घालायची का गुडघ्यात?"

मी मागं बायकांत उभी होते. तोंडातून निघून गेलं, "बगलेत जादा कापडाची कळी घातली की झालं."

सगळा मांडव माझ्याकडं वळून बघायला लागला. ठकुबाईनं पोर पदराखाली घेतलं. पाटलीणबाईंनी मशीनजवळची कातर आणली, पण त्या ती मला देईनात. त्यांचंही चुकलं नाही, आक्का. कोट चिमाजीच्या अंगावर होता आणि कातर चालायची ती बरगडीला लागून. मी परत फिरणार तोच सासूबाई पुढं आल्या. पाटलीणबाईंच्या हातातून कातर काढून घेतली, माझ्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माजी सून हाय ती. कापंल ती कापडच कापंल. म्या हितं हुबी हाय." मग हळूच माझ्या कानात, "कापडच काप गं बाई."

मी टीप उसवायला सुरुवात केली. चिमाजीनं डोळे मिटले आणि मारुतीचं नाव घ्यायला लागला. कोट सुटला, नवरदेव अख्खा निघाला. पण कळीला काळं कापड कुठून आणायचं? माझी नजर सावळाराम पाटलांच्या छत्रीवर गेली. पाटील म्हणाले, "न्हाई न्हाई!" पण तोवर मी दोन पाकळ्या कापल्या होत्या. गंजलेल्या मशीनला घाण्याचं तेल पाजलं, चाक फिरवलं आणि ते चाललं, आक्का! आपल्या शिवणखोलीतल्यासारखं खडखडत चाललं. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण टीप सरळ आली. चिमाजीनं दोन्ही हात वर करून माळ घातली. उगाचच दोनदा हात वर केले. पाटील मात्र वरातीत दोन पाकळ्यांच्या जागी नुसत्या काड्या असलेली छत्री डोक्यावर धरून उन्हातून चालले.

आता आमच्या ओसरीवर खणांची रास पडलेली असते. कांदा चिरलेला शिजतो. ठकुबाईही चोळी टाकून गेली. (ती म्हणाली, माप लांबूनच घे. त्यानं चोळी ढगळ झाली, तेव्हा पुन्हा मापाला जवळ आली.) काही दिवस सकाळी अजून छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. त्या दिवशी मी नुसत्या जुन्या टिपा उसवते. दुपारपर्यंत धोंडा हलका होतो.

थोरांना नमस्कार, शिवणबाईंना दोन जास्त.

तुमची सोजरा

ता. क. वर फुशारकी मारली, पण एक लपवलं. कोट ओढताना बटणं तुटली होती आणि काजं फाटली होती. काज मला अजून जमत नाही. मी बटणं त्याच्या अंगावरच दोन्ही पदरांतून आरपार शिवून टाकली. चिमाजी लग्नानंतर दोन दिवस कोटातच होता.

ता. क. दुसरा. म्हणून लिहिते. डॉक्टर म्हणतात, तुम्ही कधीच्या बऱ्या आहात, पण न्यायला कुणी येत नाही. शिवणखोलीत तुमच्यासारखी काजं कुणाची नव्हती. येत्या सोमवारी आमचे धनी तुम्हाला न्यायला सर्व्हिस मोटारीनं येतील. सुटकेच्या कागदावर नात्याचा रकाना असतो, तिथं काय लिहू म्हणून विचारत होते. मी म्हटलं, भाऊ. तेवढ्यात सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "भाऊ लिव, कुंडलिका, पर तिला आत्ताच सांग, मंग भाऊबीजेला आन् म्होरंबी तिनं हितंच ऱ्हायाचं."