थंड, बरं, गरम

प्रिय संध्या,

"आमच्या पोरीचं कुठे काही नाही, मी विचारलंय तिला," असं तुझे पप्पा म्हणाले आणि तिथेच माझं सगळं फिरलं. मी त्यांच्याच गाडीच्या स्टिअरिंगखाली डोकं घालून बसलो होतो. हातातला स्क्रू सुटून डॅशबोर्डच्या आत कुठेतरी पडला आणि मला तो शोधायचंही सुचेना.

टाइप करत नाहीये. कागदावर लिहून फोटो पाठवतोय, कारण टाइप करताना माझा राग बोटांच्या पुढे धावतो. गेल्या भांडणात काय काय पाठवलं होतं, ते तुला आठवत असेलच.

झालं असं. पप्पा नवी गाडी घेऊन आमच्या धाकूदादाच्या मीटर-दुरुस्तीच्या दुकानात आले. तुझ्या डीपीमुळे मी त्यांना लगेच ओळखलं, ते मला कुठून ओळखणार? गाडीच्या मीटरमध्ये इंजिन किती तापलंय ते सांगणारा काटाच नाही, नुसता लाल दिवा. जन्मभर बस चालवलेला माणूस. म्हणाले, दिवा लागेपर्यंत गाडी वरसाव्याच्या पुलावर वाफ सोडत उभी राहील, मला काटा हवा. तोही वर चिकटवलेला नको, मीटरच्या आत, कंपनीतूनच आल्यासारखा. आणि अक्षरं मराठीत. धाकूदादा नाही म्हणणार होता, मीच मध्ये पडून हो म्हणालो.

मग मीटर उतरवला, डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेत छोटा गेज बसवला, नवी डायल छापून आणली. एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला गरम. मधे काय लिहू विचारलं, तर पप्पा म्हणाले, 'बरं' लिहा. सेन्सर चहाच्या टोपात उकळत्या पाण्यात धरून काटा तपासत होतो, तर ते स्टूल ओढून लहान पोरासारखे बघत बसले.

दुकानात मला सगळे इंजिनियर म्हणतात. कॉलेज अर्ध्यात सोडलं त्याचा टोमणा, दुसरं काय. इंजिनियर पाना दे, इंजिनियर कटिंग सांग. पप्पांना तो टोमणा कळलाच नाही. ते मला इंजिनियरसाहेब म्हणायला लागले, एवढं शिकून हात काळे करायला लाजत नाही म्हणून कौतुकही केलं. धाकूदादा फडक्यात तोंड लपवून हसत होता. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी तुझा विषय काढला. पोरगी नर्सिंगला आहे, शहाणी आहे, आता स्थळं बघतोय. आणि मग ते वाक्य.

तू मला काय सांगितलं होतंस? राई गावाला खाडीवर बसून, रडून रडून, की घरी माझं नाव काढलं आणि पप्पा म्हणाले, मुलगा आपल्यातला नाही, परत विषय नको. तेव्हापासून मी त्या माणसावर दात खाऊन होतो. मनातल्या मनात त्यांच्याशी किती भांडलो असेन. आणि ते समोर बसून माझ्या डब्यातलं घावन खातायत, म्हणतायत तुम्हा रत्नागिरीवाल्यांच्या घरी हाताला चव असते. डबा खाणं वेगळं आणि मुलगी देणं वेगळं, एवढं मलाही कळतं. पण संध्या, त्यांना नाही म्हणायला कोणी विचारलंच नाहीये.

तुला भीती कोणाची होती? त्यांची, माझ्या घरच्यांची, की 'मुलगा काय करतो' या प्रश्नाची? माझी लाज वाटत असेल तर तसं सांग ना. एका जागी बसवत नाहीये मला. राग येतो, मग तुझा चेहरा येतो, मग पुन्हा राग. आज सकाळी आईला तुझं नाव सांगून टाकलं, आडनावासकट. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "तिला मासे चालतात ना?" आणि डबा रोजच्यासारखा भरून दिला.

गाडी तयार आहे. पप्पांनी ती आज जेसल पार्कला घरी आणून द्यायला सांगितलीये, चहालाही थांबायचंय. जाताना हसून म्हणाले, घरी सांगून ठेवतो, इंजिनियरसाहेब येणार म्हणून. तुला चांगला ड्रेस घालायला सांगितलं असेल. म्हणून हे लिहितोय. तो इंजिनियर मी आहे. पण इंजिनियर म्हणून मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही. दारातच सांगणार, मी निकेत, कॉलेज सोडलंय, मीटरचं काम करतो, आणि तुमच्या मुलीवर माझं प्रेम आहे. मग ते तुझ्याकडे बघतील. तेव्हा काय बोलायचं ते तुझं तू ठरव. नाही म्हणालीस तर चावी ठेवून परत फिरेन, आवाज चढवणार नाही, आईची शपथ. पण या वेळी जे बोलशील ते त्यांच्यासमोर बोल.

फोटो गेला की मी निघालो. धाकूदादा मागून काहीतरी विचारतोय. त्याला उत्तर देत बसणार नाही, बाहेर पडून दार ओढून घेणार.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
निकेत