गुरुसिद्धप्पांची गाठ

बनशंकरी जत्रा, बदामी
२५ जानेवारी १९८४

चि. सौ. गंगव्वास, इरप्पाकाकाचे अनेक आशीर्वाद.

बाळ आणि तू खुशाल ना? गुरुसिद्धप्पाअण्णाला माती देऊन नाटक कंपनीत परतलो. माझी पेटी आणि तुझ्या अप्पाचे पडदे जन्मभर जोडीने चालले. आता सूर लागत नाही.

लिहू की नको असं झालंय. काल दुपारच्या खेळात राजा मेला आणि महालाचा पडदा आपणहून उतरला, अगदी वेळेवर. दोरापाशी कोणीच नव्हतं. आज पुन्हा तेच. हात लावला तर दोर गरम, घामाने ओला.

पडदेवाला गेला की त्याचा दोर सोडून मातीत घालायचा, ही आमची रीत. पण अण्णाने खुंटीला मारलेली गाठ कोणालाच सुटत नाही. नट्या विंगेत पाय ठेवत नाहीत. मुक्काम हलायचाय, मालक म्हणतात कापून टाकू.

वहिनीला, तुझ्या अव्वाला, जप.
तुझा काका

गदग
२९ जानेवारी

ती. काकांना गंगव्वाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र अव्वाला वाचून दाखवलं. रडेल वाटलं, तर चिडली. म्हणे, मेल्यावर तरी घरी यायचं, तिथेही कंपनीच का यांना! शेंगाच्या पोळीचा रिकामा डबा परत करायला अप्पा येतात, असं आम्ही त्यांना चिडवायचो. पण आले की माझी वेणीसुद्धा तेच घालायचे.

बाळाचा पाळणा मीच बांधणार, कोणी हात लावायचा नाही, असं बजावून गेले होते. पाळणा अजून कोपऱ्यात पडून आहे.

काका, दोर कापू नका. कापला तर ते तिथेच राहतील, मला फार भीती वाटते. खुंटीपाशी बसून त्यांना घरी यायला सांगा.

मायेने सांभाळता, तसेच सांभाळा.
गंगव्वा

बदामी
३ फेब्रुवारी

चि. सौ. गंगव्वास आशीर्वाद.

मालकांच्या हातापाया पडून चाकू थांबवला. आज दुपारी खेळाआधी खुंटीपाशी बसलो. थोरल्या भावाला घरी जा कसं सांगायचं? शेवटी म्हणालो, अण्णा, गदगला पाळणा खोळंबलाय आणि वहिनी भडकलीय.

वहिनीचं नाव काढताच गाठ माझ्या डोळ्यांदेखत उलगडली. दोर जमिनीवर आला.

खेळापुरता पडदा नव्या दोराने चढवला, पण तो आपणहून पडलाच नाही. मेलेला राजा तसाच पडून राहिला, लोक हसले. मी पेटीवर डोकं टेकून रडलो. दोर मातीत घातला.

काका

गदग
३ फेब्रुवारी

ती. काकांना सा. नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही, पण धीर धरवत नाही. दुपारी अव्वा आणि मी परसात होतो. आत आलो तर पाळणा तुळईला बांधलेला, बाळ त्यात झोपलेलं. पुढच्या दाराला आतून कडी होती. दोर गरम, घामाने ओला. गाठ तुम्ही ओळखालच.

तेव्हापासून बघतेय, बाळ रडायच्या जरा आधी पाळणा आपणहून हलू लागतो. मी लांबच उभी राहते. अव्वाने मात्र पाळण्याखाली ताट वाढून ठेवलं आणि म्हणाली, हात भरून आले असतील, आधी जेवून घ्या.

बारशाला नक्की या, लोभ आहेच तो वाढू द्या. फक्त गाठीला हात लावू नका.

तुमची गंगव्वा