चौतीसच्या आधीचं टिंब

लौहजंग बाजार,
२ ज्येष्ठ, शुक्रवार

मोतालेब मास्तरांस,

सलाम आणि दुवा. मी बरी आहे. अम्माही बरी आहे. तिच्या हाताची जखम भरली, फक्त गार पाणी लागलं की कण्हते. पत्रास कारण, पत्रा. फोन तू उचलत नाहीस, वर्ष झालं. म्हणून हे पत्र रुस्तम नावाड्याच्या हाती देते आहे. त्याच्याच होडीत पन्हाळी पत्र्यांचे आठ गठ्ठे आहेत. माल उतरवण्याआधी पत्र वाच. मास्तर लोकांची खोड मला माहीत आहे, सही आधी आणि वाचन मागाहून.

माझा नवरा, तुझा दुलाभाई, गेल्यापासून बावीस वर्षं मी या दुकानात बसते आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, पत्र्यातलं कुणाला काही कळत नाही आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच कळतं. परवा आमचे चेअरमन आले. त्यांना गोठ्यासाठी लाल पत्रा हवा. का, तर मशिदीच्या गच्चीवरून दिसला पाहिजे! म्हटलं, साहेब, गाईंच्या मुताची वाफ पत्र्याला खालून खाते, वरच्या रंगाचं काय करता? गोठा उंच बांधा, वारा खेळू द्या, मग पत्र्याचं बोलू. तर म्हणतात, "लालमध्ये फिका दाखव."

भातगिरणीचा आक्कास तसाच. भट्टीवरच्या छपराला त्याला आरशासारखा चकचकीत पत्रा पाहिजे. मी सांगते, तिथे नुसतं जस्त टिकणार नाही, अ‍ॅल्युमिनियम मिसळलेला घे. तो आपला टिचकी मारून, कान लावून ऐकतोय. पत्रा आहे की कलिंगड? बाकीचे शिक्क्यावरचं चित्र बघून घेतात. मोर छाप म्हणजे उत्तम! मोर काय छपरावर बसून राखण करणार आहे?

आणि या सगळ्या शहाण्यांचा मुकुटमणी म्हणून मी वर्षभर तुझं नाव घेत आले. गिऱ्हाईक पातळ पत्र्याकडे वळलं की सांगायची, "घ्या, घ्या. माझ्या भावाने घेतला होता. वैशाखातल्या वादळात सगळं छप्पर तळ्यात गेलं, जाता जाता एका पत्र्याने आईचा हात कोपरापर्यंत चिरला. शाळेत गणित शिकवतो हो!" गिऱ्हाईक हसायचं आणि जाड पत्रा घेऊन जायचं. तुझ्या नावावर मी बराच माल खपवला.

त्या दिवशी तुझ्या अंगणात मी काय बोलले ते तू विसरला नसशील. सगळा पाडा जमला होता. मी म्हटलं, "मेल्या, सख्ख्या आईच्या डोक्यावर बिस्किटाच्या डब्याचा पत्रा घातलास! एवढा कंजूष कधी झालास?" तू एवढंच म्हणालास, "बुबू, तुझ्याच चिठ्ठीवर आणलाय." मी हसले. "ऐका हो ऐका, माझ्या चिठ्ठीवर! बावीस वर्षं पत्रा विकणारी बाई घरासाठी हा पत्रा लिहून देईल?" सगळे हसले. हाताला फडकं बांधलेलं असताना अम्मासुद्धा हसली. मग ती पानाचा डबा घेऊन उठली. "मुलाच्या छपराखाली मला आता झोप यायची नाही," म्हणत माझ्या होडीत येऊन बसली. तू काठावर उभा होतास.

काल सोलेमान बेपारीचाचा दुकानात आले. परवा हजला निघाले आहेत. रीतीप्रमाणे बाजारभर फिरून सगळ्यांची माफी मागत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत पायरी चढला.

"मनोवारा, इतक्या वर्षांत तुला कधी टोचून बोललो असेन, मापात उणं दिलं असेन, तर सोडून दे, बेटी."

"चाचा, तुम्ही कसलं उणं देताय! बसा, चहा सांगते."

"चहा नको. एक मनात सलतंय. तुझा भाऊ चिठ्ठी घेऊन आला आणि मी त्याला चौतीस नंबर दिला. तेव्हाच वाटलं होतं, घराला चौतीस? पण अक्षर तुझं. म्हटलं मनोवारा जाणती आहे, पेट्याबिट्या करायच्या असतील. विचारायला हवं होतं मी. माझी चूक झाली."

त्यांनी चिठ्ठी काढून समोर ठेवली. त्यांच्या दुकानात तारेला खोचलेली होती, मधोमध भोक पडलेलं. 'चौतीसचे सहा गठ्ठे, माझा भाऊ आहे, चांगला माल देणे.' आकड्यात लिहिलं होतं, ३४. मागे नाही, पुढे नाही, टिंब कुठेच नाही.

तुला आठवत असेल, तू आलास तेव्हा चेअरमन समोर बसले होते. त्यांच्यापुढे तुझी मळकी लुंगी आणि चिखलाचे पाय मला नको झाले होते. माझ्याकडचा तो माल संपला होता, म्हणून मान वर न करता चिठ्ठी खरडली आणि तुला चाचांकडे पिटाळलं. आम्ही मिलिमीटरवाले. पॉइंट चौतीस म्हणजे घराला बऱ्यापैकी. बोलताना पॉइंट कुणी म्हणत नाही, पण लिहिताना टिंब द्यायचं असतं. चाचांची पिढी गेजने मोजते. त्यांच्यात आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. चौतीस गेज म्हणजे ट्रंका, डबे, कोंबड्यांची खुराडी. त्यांनी मागितलेलाच माल दिला, आणि चांगला दिला.

आणि मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, "जा चाचा, माफ केलं."

ऐकतोस ना, मोतालेब? मी त्यांना माफ केलं! माझ्या चुकीसाठी. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा देऊन गेले. चेअरमन परवडले, आक्कास परवडला. त्यांना फक्त पत्र्यातलं कळत नाही.

आता उरलेलंही लिहिते. मला चिठ्ठी बघायची गरजच नव्हती. वादळानंतर तुझ्याकडे आले त्याच दिवशी तळ्याकाठी एक पत्रा पडला होता, त्यावरचा शिक्का मी वाचला होता. ३४ गेज. त्या क्षणी सगळं लक्षात आलं. मी तो पत्रा पायाने उलटा केला, शिक्का चिखलात दाबला, मग अंगणात येऊन तुला कंजूष म्हटलं. बाजारात माझं नाव जाईल ही भीती होतीच. पुढे अम्मा माझ्या घरात आली, दुपारी कुणीतरी "जेवलीस का गं" विचारू लागलं, आणि मग तर खरं सांगायची इच्छाच मेली. तुझी आई मी टिंबाच्या चोरीत मिळवली, भावा.

या खेपेचे पत्रे पॉइंट शेहेचाळीसचे आहेत. प्रत्येक पत्रा मी स्वतः मोजला आणि लाल रंगाने आकडा घातला, टिंबासकट. खिळा उंचवट्यावर ठोकून घे, पन्हाळीत नको. खाली रबराची चकती हवीच. वळचण तारेने खांबाला बांध. सुतार शहाणपणा करू लागला तर त्याला हे पत्र दाखव.

इथवर लिहून झाल्यावर अम्माला सगळं वाचून दाखवलं. ती सुपारी कातरत होती. कातरणं थांबलं. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "रुस्तमच्या होडीत पत्र्यांवर बसायला जागा असेल का?"

कडा लागतात म्हणून मी पत्र्यांवर दोन चटया अंथरल्या आहेत. पानाचा डबा तिच्या मांडीवर आहे. उतरताना डावा हात धर, उजवा अजून दुखतो. छप्पर चढेपर्यंत तिला ताडपत्रीखाली नको, शाळेच्या खोलीत ठेव. पाड्यातले लोक विचारतील, ही परत कशी आली. तेव्हा हे पत्र मोठ्याने वाच, वर्गात वाचतोस तसं, एकही ओळ न गाळता.

माफी कागदावर मागत नाही. छप्पर झालं की चाचांसारखी तुझी पायरी चढेन. तू काय म्हणायचं ते तेव्हा म्हण.

तुझी बुबू,
मनोवारा
(चौतीस नंबरची)