चेरीला कानटोपी

ती. चारुमामांस निमिषचा साष्टांग नमस्कार (फरशी गार आहे, त्यामुळे जरा जास्तच वेळ घातला).

पत्र केव्हाच लिहायला घेतलं होतं, पण पेन शोधताना कॅरमची सोंगटी सापडली, सोंगटीवरून कॅरम आठवला, कॅरमवरून शेजारच्या मिसेस लिम, आणि त्या फारच छान खेळतात. असो. तुमचा गुडघा कसा आहे? मामीची तब्येत? तिची तर मला रोज काळजी वाटते, विशेषतः ती परत कधी येणार याची.

तुम्ही दोघं पुण्याला लग्नासाठी निघताना मामीने बजावलं होतं, "निम्या, माझी चेरी जगली तरच चोआ चू कांगच्या या घरात राहायचं, नाहीतर सॅक उचल." (आणि ज्यांच्याकडे आधी मुक्काम ठोकला होता, ते बालीचे मित्र आता माझा फोन उचलत नाहीत.) नर्सरीवाला म्हणाला, चेरीला हिवाळा लागतो, त्याशिवाय ती फुलत नाही. सिंगापुरात हिवाळा आणू कुठून? म्हणून कुंडी तुमच्या बेडरूममध्ये नेली, एसी सोळावर लावला आणि मी हॉलमध्ये चटईवर. पण ती एवढीशी पोर कुडकुडताना बघवेना. मग तिला मामीची गोधडी गुंडाळली आणि शेंड्याला तुमची कानटोपी घातली. मिसेस लिमनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला, "यू वॉन्ट कोल्ड, देन ब्लँकेट फॉर व्हॉट लाह?" आता आपल्याकडे थंडीत कुणाला असं उघडं ठेवतात का?

तोवर पानं गळून झाड थेट तुमच्यासारखं दिसायला लागलं (क्षमा असावी). इकडे मामीचं रोजचं टुमणं, फोटो पाठव, फोटो पाठव. शेवटी सुपरमार्केटातून चेरी आणल्या आणि फांद्यांना दोऱ्याने बांधल्या. (निम्म्या बांधता बांधताच संपल्या. गोड होत्या.) फोटो मात्र सुरेख आला. तो पाठवल्यापासून मामी गप्प आहे. खूश असावी.

तुमचा,
निमिष

ता. क. खरं काम राहिलंच. मामीला अजून महिनाभर तिकडेच अडकवून ठेवा. हे लग्न उरकलं असेल तर दुसरं शोधा. तोवर झाडाला पालवी तरी फुटेल, नाहीतर मला नोकरी तरी लागेल.

आणखी एक ता. क. मामा, बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर मामी! ती विमानात बसली हे तुम्हाला तरी कळलं का? हातात खण-नारळ, मागे भिशीच्या सगळ्याजणी. ओरडतेय, "निम्या, उघड दार! आमच्या पहिलटकरणीची ओटी भरायचीय!"

मी गोधडीत शिरलोय. कानटोपी चेरीलाच राहू दिली, तिला आता जास्त गरज आहे.